लग्नाच्या व्हिडिओसाठी पहिली लेन्स: ५० एमएम एफ १.८ की २८-७५ एफ २.८?

मिररलेस कॅमेऱ्याची बॉडी घेऊन झाली, तिच्यासोबत आलेली किट लेन्स हातात आहे, आता पुढची कोणती? निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंत लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलेली नवी मुलं हे हमखास विचारतात. त्यावर ठरलेलं उत्तर मिळतं: "पन्नासची घे, स्वस्तात मस्त, बॅकग्राउंड छान उडतं." फोटोपुरतं ते बरोबर आहे. व्हिडिओसाठी मला ते पटत नाही. पैसे थोडे थांबून साठवावेत, पण आधी चांगल्या मोटरचा एफ २.८ झूम, म्हणजे २८-७५ सारखा, घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. (एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक म्हणजे अॅपर्चर मोठं आणि उजेड जास्त.)

कारण साधं आहे. फोटोत फोकस त्या एका क्षणी लागला की काम झालं. व्हिडिओत फोकस लागेपर्यंतचा सगळा प्रवासही रेकॉर्ड होतो. कुठे फोकस करायचा हे बॉडी ठरवते, पण काच हलवायचं काम लेन्समधल्या मोटरचं. बॉडी कितीही नवी असली तरी मोटर अडखळली की क्लिपमध्ये ते दिसतंच.

सोनीची फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी धरून बोलू. सोनीच्या ५० एमएम एफ १.८ चं वजन १८६ ग्रॅम, पण तिच्यात डीसी मोटर आहे. फोकस करताना पुढचा काचेचा गट मागेपुढे सरकतो, घरघर ऐकू येते आणि नेमक्या जागेच्या थोडं पुढे जाऊन परत येण्याची तिला सवय आहे. टॅमरॉनची २८-७५ एफ २.८, म्हणजे २०२१ मध्ये आलेली जी-टू, ५४० ग्रॅमची आहे. तिच्यात लिनियर मोटर आहे. ती आवाज न करता सरळ जाते आणि थांबते. सेकंडहँड बाजारात याच लेन्सची २०१८ ची पहिली आवृत्तीही मिळते. तिची मोटर वेगळी आहे, तेव्हा घेताना दोन्हींत गल्लत करू नका.

हा फरक कुठे कळतो? अक्षतेच्या वेळी. तुम्ही नवरदेवाच्या खांद्यामागे उभे आहात. समोर अंतरपाट, त्यावर कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, म्हणजे ऑटोफोकसला धरायला अगदी सोपी गोष्ट. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, मागे नवरीचा चेहरा येतो, त्याच क्षणी सगळ्या हॉलमधून अक्षता उडतात आणि चार मोबाइल वर येतात. कापडावरून चेहऱ्यावर फोकस एकाच सरळ चालीत गेला पाहिजे. पन्नासवाली इथे पुढे-मागे करते आणि नवरीने पहिल्यांदा वर पाहिलं तो क्षणच मऊ येतो. तो परत घेता येत नाही, आणि घरच्यांना पुढे सगळ्यात जास्त वेळा पाहायचा असतो तोही तोच.

मोटर बाजूला ठेवली तरी एफ १.८ ची दुसरी अडचण उरते. ५० एमएमवर, दोन मीटर अंतरावर, एफ १.८ ला शार्प दिसणारा पट्टा साधारण १७ सेंटीमीटरचा असतो. एफ २.८ ला तो २७ च्या आसपास जातो. हार घालायला नवरी पुढे झुकली की १७ सेंटीमीटर तिथेच संपतात. तिथे जगातली कोणतीही मोटर धावपळच करणार.

आता पन्नासच्या बाजूने. एफ १.८ मधून एफ २.८ पेक्षा जवळपास अडीच पट प्रकाश येतो. गावाकडच्या घरात संध्याकाळी हळद लागत असते, एकच ट्यूबलाइट असते, तिथे हा फायदा खरा आहे, कारण उजेड जास्त तर ऑटोफोकसलाही पकड चांगली. पण त्यासाठीसुद्धा मी सोनीचीच ३५ किंवा ८५ एमएम एफ १.८ सुचवेन. दोन्हींत लिनियर मोटर आहे. ८५ ला किमान ०.८ मीटर अंतर लागतं, त्यामुळे मेंदीच्या किंवा मंगळसूत्राच्या क्लोजअपला ती कामाची नाही. तिथे २८-७५ सरस, २८ एमएमला ती १८ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते. शिवाय ८५ आणि २८-७५ दोन्हींचा फिल्टर ६७ एमएमचा. एकच एनडी, म्हणजे उजेड कमी करणारा गडद फिल्टर, दोघींना चालतो. मे महिन्यात दुपारच्या वरातीला १/५० शटरवर एनडी लागतोच. नाहीतर एफ १६-२२ पर्यंत जावं लागतं आणि इतक्या बारीक अॅपर्चरला फेज डिटेक्शनची, म्हणजे ऑटोफोकस ज्यावर चालतो त्या पद्धतीची, पकड ढिली होते.

किट लेन्सबद्दल थोडक्यात: २८-७० किटची मोटर व्हिडिओला वाईट नाही आणि तिच्यात स्टॅबिलायझेशनही (हाताचा हादरा शोषायची सोय) आहे. पण ७० ला ती एफ ५.६ होते. एफ २.८ ला १६०० आयएसओवर (आयएसओ म्हणजे सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) जे भागतं, तिथे ६४०० लागतं. रेकॉर्डिंग चालू असताना झूम केलं की अॅपर्चर बदलतं, तेही नको.

मंगसुळीच्या खंडोबाची यात्रा किंवा कुस्तीचं मैदान शूट करत असाल तर हिशोब थोडा बदलतो. उधळलेला भंडारा कॅमेरा आणि माणूस यांच्यामध्ये येतो. अशा वेळी लेन्सइतकंच सेटिंग महत्त्वाचं. सोनीच्या ए-सेव्हन फोर बॉडीवर सब्जेक्ट शिफ्ट सेन्सिटिव्हिटी (फोकस दुसऱ्या वस्तूवर किती चटकन उडी मारतो) १ ते ५ आणि ट्रान्झिशन स्पीड (फोकस किती वेगाने सरकतो) १ ते ७ असतो. भंडारा, अक्षता, मधून जाणारी माणसं असतील तर सेन्सिटिव्हिटी २ ठेवा, म्हणजे कॅमेरा मधल्या वस्तूवर लगेच उडी मारत नाही. कुस्तीत मात्र ट्रान्झिशन स्पीड वर ठेवा, पैलवान एका डावात मीटरभर सरकतो. ट्रान्झिशन स्पीडचे मोठे आकडे पन्नासवर लावून फारसा उपयोग नाही, कारण मोटरच तितकी पळत नाही. आवाजाचंही पाहा: डॉल्बीसमोर मोटरची घरघर कोण ऐकतंय, पण कीर्तनात कॅमेऱ्यावरचा माइक ती टिपतो.

२८-७५ चे तोटेही माहीत असू द्या. स्टॅबिलायझेशन नाही. झूम केला की नळी पुढे येते, गिंबलचा, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणाऱ्या दांड्याचा, बॅलन्स बिघडतो. ए-सेव्हन फोरमधलं ब्रीदिंग कॉम्पेन्सेशन दुसऱ्या कंपनीच्या लेन्सना लागू होत नाही, त्यामुळे फोकस सरकताना फ्रेम किंचित श्वास घेते, म्हणजे दृश्य थोडं आत-बाहेर होतं. लग्नात हे कुणी बोट ठेवून दाखवत नाही, जाहिरातीच्या कामात दाखवतील.

सोनीच्या झेडव्ही-ई-टेनसारखी क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरची, बॉडी असेल तर २८-७५ घेऊच नका. २८ चा दृश्यकोन ४२ सारखा होतो, देवघरात मागे सरकायला जागा उरत नाही, आणि त्या बॉडीत स्टॅबिलायझेशनही नाही. तिच्यासाठी टॅमरॉनची १७-७० एफ २.८ घ्या, स्टॅबिलायझेशन लेन्समध्येच आहे. कॅननवाल्यांना जुन्या ईएफ लेन्स कॅननच्याच अॅडॉप्टरवर चांगल्या चालतात, फक्त मोटर एसटीएम किंवा नॅनो यूएसएम आहे का ते पाहा. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या बॉडीवर अॅडॉप्टर लावून व्हिडिओ ऑटोफोकसला वापरायची असेल तर त्या भरवशावर लग्नाची ऑर्डर घेऊ नका.

सेकंडहँड घेताना, बेळगावात घ्या की कोल्हापुरात, स्वतःची बॉडी घेऊन जा. २५ फ्रेम, १/५० शटर, अॅपर्चर पूर्ण उघडं. मित्राला दोन मीटरवर उभं करा, मध्ये रुमाल धरून झटक्यात बाजूला घ्या. दुकानातले दिवे अर्धे बंद करून पुन्हा करा. मग क्लिप मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा आणि मगच पैसे द्या.