विंडोज, मॅक, उबुंटू: एकाच घरात सहा महिने, फक्त सिक्युरिटीपुरतं बोलतो

रामबागेतल्या आमच्या घरात तीन लॅपटॉप आहेत. माझा विंडोज ११ वाला, बायकोचा मॅकबुक आणि बाबांकडे माझा जुना, त्यावर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी लिनक्स सिस्टम) टाकलंय कारण त्याचा सातव्या जनरेशनचा प्रोसेसर ११ ला चालत नाही आणि १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वेगळा अँटीव्हायरस तिन्हीवर नाही, मुद्दामच नाही.

आधी विंडोज, कारण सगळ्यात जास्त डोकं तिथेच गेलं. दुकानदारानं नवीन लॅपटॉपवर एक फुकट अँटीव्हायरस टाकून दिला होता, वर म्हणे "भिया, इसके बिना मत चलाना". दुसरा अँटीव्हायरस आला की विंडोजचा स्वतःचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडर, आपोआप बाजूला होतो, हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. तो काढला, डिफेंडर परत जागेवर आला, तेव्हापासून निवांत. फायरवॉल (नेटवरून आत शिरू पाहणाऱ्याला अडवणारी भिंत) आधीपासूनच चालू असते, स्मार्टस्क्रीन अनोळखी फाइलला अडवतं. पण रॅन्समवेअरपासून (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस) फोल्डर वाचवणारी जी सेटिंग आहे ना, कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस, ती बंद येते! मी हौसेनं चालू केली तर पहिल्याच दिवशी माझं हिशोबाचं सॉफ्टवेअरच डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करेना, मग त्याला हातानं परवानगी दिली. तेवढी कटकट चालते मला, जीएसटीचा सगळा डेटा तिथेच आहे.

खरी फजिती बिटलॉकरनं (अख्ख्या डिस्कला सांकेतिक कुलूप लावणारं, म्हणजे एनक्रिप्ट करणारं विंडोजचं फीचर) केली, म्हणजे चूक माझीच. बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली, महिनाअखेर, रिटर्न भरायचे, आणि मला तर डिस्क एनक्रिप्ट झालीये हेच ठाऊक नाही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये की सापडली म्हणून वाचलो, पण त्या अकाउंटचा पासवर्ड आठवायला अर्धा तास आणि दोन चहा लागले. चोराला लॅपटॉप मिळाला तरी डेटा मिळणार नाही हे छानच, फक्त मालकाला मिळावा एवढी सोय आपण आधी करून ठेवायची.

मॅक गप्प असतो. त्याचं स्वतःचं अँटीव्हायरससारखं एक्सप्रोटेक्ट आत चालतं पण त्याची साधी खिडकीसुद्धा नाही उघडायला. दिसतो तो गेटकीपर. बायको डिझायनिंग करते, कुठून कुठून प्लगइन उतरवते, अ‍ॅपलकडून तपासून न आलेलं काही असलं की मॅक उघडत नाही. आधी राइट क्लिक करून ओपन म्हटलं की जमायचं, २०२४ च्या सिकोया व्हर्जनपासून तेही बंद, आता सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीत जाऊन उघडावं लागतं. ती वैतागते, मला मात्र हे आवडलं, तेवढ्या चकरा मारताना माणूस एकदा तरी विचार करतो. फायरवॉल मात्र मॅकवर बंद होती, मीच चालू केली. एवढ्या महागाच्या वस्तूत!

उबुंटूवरही त्याची फायरवॉल, यूएफडब्ल्यू, बंदच असते. पण तिथे बहुतेक सॉफ्टवेअर त्यांच्याच भांडारातून येतं, सिक्युरिटी अपडेट आपोआप होतात, प्रोग्रामांना हद्दीत ठेवणारं अ‍ॅपआर्मर मागे पहारा देतं. बाबांनी मेलमधून आलेली कसलीशी ईएक्सई, म्हणजे विंडोजवर चालणारी फाइल चार वेळा क्लिक केली, काहीच झालं नाही, उलट "हा लॅपटॉप खराब आहे" म्हणून माझ्यावरच चिडले. आता ह्याला सुरक्षा म्हणू नका, चोर चुकीच्या घराची किल्ली घेऊन आला इतकंच. कारण पुढच्याच आठवड्यात भाच्यानं गेमसाठी व्हिडिओत बघून सुडोवाली (म्हणजे पूर्ण अधिकारानं चालणारी) कमांड टर्मिनलमध्ये, कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवली, पासवर्ड बाबांनीच सांगितला, आणि सिस्टमनं मुकाट्यानं ऐकलं. नशीब, काही वाईट नव्हतं त्यात. मॅकवरही टर्मिनलमध्ये असं कुणी केलं तर गेटकीपर काय करणार?

बाबांच्या लॅपटॉपची डिस्क अजून उघडीच आहे, इन्स्टॉल करतानाच एनक्रिप्शनवर टिक करायची होती ती राहिली. आता सगळं पुन्हा टाकावं लागणार, आणि त्यांची भजनं आधी पेनड्राइव्हवर घ्यायची आहेत. माझ्या विंडोजची ती ४८ आकडी की मात्र आईच्या पासबुकांच्या डब्यात कागदावर लिहून ठेवलीये.