एसप्राइटमध्ये नऊवारीच्या चुण्या: काही महिन्यांच्या वापरानंतर

पिक्सेल आर्टसाठी, म्हणजे चौकोनी ठिपक्यांनी चित्र काढण्यासाठी, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ असं विचारलं की बहुतेक जण एसप्राइटचं नाव घेतात. मी ते जवळजवळ एकाच कामाला जुंपलंय: छोट्या गेममधली नऊवारी नेसलेली बाई, उंची ४८ पिक्सेल, आणि तिच्या लुगड्याच्या चुण्या. टाइलमॅप (छोटे चौकोन जोडून केलेली गेमची पार्श्वभूमी) वगैरेबद्दल मला विचारू नका.

पैसे वसूल झाले ते शेडिंग इंक या ब्रशच्या सोयीमुळे. पॅलेटमध्ये गडद ते फिकट अशी चार-पाच रंगांची ओळ निवडायची आणि ब्रश फिरवायचा. खालचा प्रत्येक पिक्सेल त्या ओळीत एक घर सरकतो. माउसचं उजवं बटण दाबून फिरवला की उलट दिशेला. ओळीत नसलेल्या रंगांना धक्का लागत नाही, त्यामुळे पदराची सावली दंडावरून ओढत नेली तरी कातडीचा रंग तसाच राहतो. दर वेळी रंग उचलत बसायला लागत नाही. कापड इथे आत गेलंय की वर आलंय, एवढंच बघायचं.

ओळ मात्र आपणच नीट लावायची. हिरव्या लुगड्याची सावली नुसती काळपट केली तर ते मळकं दिसतं. सावली निळ्याकडे आणि उजेड पिवळ्याकडे झुकवला की कापडात जीव येतो. सुती असेल तर शेजारच्या छटांत थोडाच फरक ठेवायचा. रेशमी असेल तर मधली छटा गाळून गडदाला थेट फिकट भिडवायची. इंडेक्स्ड मोडमध्ये (इथे प्रत्येक पिक्सेल पॅलेटमधल्या एका घराशी जोडलेला असतो) पॅलेटमधला रंग बदलला की चित्रभर बदलतो, म्हणून हिरव्याचं जांभळं करून बघणं अगदी सोपं.

चुणी कुठे पडते हे कुठलंच सॉफ्टवेअर सांगणार नाही. काष्टा दोन पायांमधून मागे ओढून कमरेला खोचलेला असतो. म्हणून मांडीवरच्या चुण्या तिरप्या आत जातात आणि मागे खोचलेल्या जागेपासून पंख्यासारख्या पसरतात. हा ताण एकदा डोक्यात बसला की मांडीवर दोन चुण्या पुरतात. निऱ्या म्हणून एकाआड एक गडद-फिकट उभ्या रेघा मारल्या, तर पट्ट्यापट्ट्यांचं कापड दिसतं. रुंदी कमीजास्त हवी. सावली खोचणीपाशी गडद आणि खाली येता येता विरत जाणारी. मोठं करून काढताना यातलं काही कळत नाही, म्हणून एफ७ दाबून चित्र मूळ आकारात दाखवणारी प्रिव्ह्यूची खिडकी कायम उघडी ठेवते.

तिची चाल फ्रेमफ्रेमने काढताना ओनियन स्किन (शेजारच्या फ्रेम फिकट दाखवणारी सोय) हवंच. दर फ्रेमला चुणी नव्या जागी उगवली की लुगडं लुकलुकतं. मी गुडघ्यावरची एक चुणी सगळ्या फ्रेममध्ये धरून ठेवते आणि पदराचं टोक अंगापेक्षा एक फ्रेम मागे ठेवते. चित्राचा भाग तिरका फिरवण्यासाठी रॉटस्प्राइट ही पद्धत आहे. काठी, भाला यांना ते छान. कापडाला नको. हात वाकला की चुण्यांच्या जागाच बदलतात, तिथे नव्यानेच काढावं लागतं.

सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागतं, पण सोर्स कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर आहे आणि स्वतः कंपाइल करून (कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवून) स्वतःपुरतं वापरलं तर पैसे पडत नाहीत. कंपाइलचा खटाटोप नको असेल तर लिब्रेस्प्राइट हे मोफत सॉफ्टवेअर बघा. २०१६ मध्ये एसप्राइटचं लायसन्स बदललं, त्याआधीच्या मुक्त आवृत्तीवरून ते निघालं. पेन टॅबलेटवर मात्र एवढ्यासाठी खर्च करू नका. या आकाराच्या चुण्यांना माउसच बरा, उजवं बटण बोटाखाली असतं.