ओपिऑइडची सहनशीलता: दोष रिसेप्टरचा की पेशीचा?

मॉर्फिन हे ओपिऑइड, म्हणजे अफूसारखं काम करणारं वेदनाशामक. त्याचा तोच डोस काही आठवड्यांनी तेवढा आराम देत नाही; हीच सहनशीलता. मेंदूत यामागे दोन वेगळे बदल असतात.

एक पेशीच्या पृष्ठभागावर. म्यू रिसेप्टर, म्हणजे ओपिऑइड जिथे चिकटतं ते पेशीवरचं प्रथिन, सतत उत्तेजित राहिला की एन्झाइम त्याला फॉस्फेट चिकटवतात, मग अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं आणि आत जाणारा संदेश तुटतो. हे मिनिटांत सुरू होतं, औषध गेल्यावर बऱ्यापैकी लवकर निवळतंही. गंमत म्हणजे फेंटानिल या दुसऱ्या ओपिऑइडमुळे रिसेप्टर पेशीत ओढले जातात, मॉर्फिनमुळे त्या मानाने फारच कमी. तरी सहनशीलता मॉर्फिनलाही येतेच. म्हणून सगळं खापर रिसेप्टरवर फोडणं मला पटत नाही.

दुसरा बदल आतला, संथ पण चिवट. ओपिऑइडमुळे सायक्लिक एएमपी हे पेशीच्या आत संदेश पोचवणारं रसायन घटतं. पेशी ते बनवणारी यंत्रणा वाढवून भरपाई करते. शर्मा, क्ली आणि निरेनबर्ग यांनी १९७५ मध्ये हे प्रयोगशाळेतल्या पेशींत दाखवलं. औषध अचानक थांबलं की हीच यंत्रणा मोकाट सुटते. लोकस सेरुलियस या मेंदूच्या बुंध्यातल्या भागातल्या पेशी शरीराला सावध करणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनालिनचा मारा करतात: घाम, धडधड, बेचैनी. क्लोनिडिन हे औषध तो मारा आवरतं. रिसेप्टरच्या बदलातून या त्रासाचा उलगडा होत नाही.

खंड पडल्यावर सहनशीलता ओसरते, आणि पूर्वी पचणारा डोस श्वास थांबवू शकतो.