विकत घेतलेला सहावा मजला नकाशात नव्हताच

नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी, मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेला फ्लॅट बघत असाल, तर टोकन देण्याआधी हे वाचा. माझे ११ लाख रुपये अडकले आहेत. ८ लाख बँकेतून गेले, ३ लाख रोख. प्रकरण महारेराकडे, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे आहे, म्हणून बिल्डरचं नाव लिहीत नाही.

मी अंबडच्या एका कंपनीत कामाला आहे. १४ वर्षं सिडकोत भाड्यानं राहतोय. वडील एसटीत कंडक्टर होते. कितीतरी वर्षं नाशिक-कसारा गाडीवर. रोज त्या डोंगराखालून जायचे. निवृत्तीच्या पैशांतले ६ लाख त्यांनी माझ्या घरासाठी म्हणून बाजूला ठेवले होते. २०२३ च्या दसऱ्याआधी आम्ही साइटवर गेलो, तेव्हा तिथला सेल्सवाला मुलगा त्यांना म्हणाला, "काका, सकाळचा चहा गॅलरीत घ्यायचा आणि समोर लेणी." वडिलांनी तिथंच माझ्याकडे बघून मान हलवली. मी भाव करायचा तो केलाच नाही.

सात मजली इमारत, सहाव्या मजल्यावर टू बीएचके, ४४ लाख. त्यात फ्लोअर राइजचे, म्हणजे वरचा मजला म्हणून जादा, ९० हजार आणि लेणी दिसतात म्हणून 'व्ह्यू'चे ६० हजार. माहितीपत्रकात समोर हिरवीगार बाग आणि बागेतून थेट महामार्गावर रस्ता. साइटवर मात्र नुसता पाया खणलेला. दसऱ्यानंतर रेट वाढणार, हा प्री-लाँचचा भाव आहे, असं तीनदा ऐकवलं.

मी एक प्रश्न विचारला होता, तो मला आजही आठवतो. "लेण्यांच्या इतक्या जवळ बांधायला परवानगी असते का?" तो लगेच म्हणाला, "दादा, शंभर मीटरच्या बाहेर आहे आपली जागा. काही प्रॉब्लेम नाही." इतक्या ठाम आकड्यानं उत्तर आलं की माझं समाधान झालं. माझी फसवणूक झाली ती या एका वाक्यात. ते वाक्य खोटं नव्हतं, अर्धं होतं.

पुढचं अर्धं असं आहे. प्राचीन स्मारकांचा केंद्राचा कायदा १९५८ चा, त्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला परवानगी मिळतच नाही. त्यापुढचे २०० मीटर 'विनियमित क्षेत्र'. तिथं बांधता येतं, पण राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाच्या शिफारशीनंतर मिळालेली परवानगी लागते, आणि इमारत किती उंच बांधायची तेही त्या परवानगीत लिहिलेलं असतं. शिवाय अंतर मोजायचं ते संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून, लेण्याच्या दारापासून नाही. परवानगीविना बांधलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे मला पैसे दिल्यावर कळलं. ५१ हजार टोकन, मग दोन चेक, एकूण ८ लाख. लेटरहेडवर एक अलॉटमेंट लेटर मिळालं. अॅग्रीमेंटचं विचारलं तर म्हणे, "स्टॅम्प ड्यूटी आत्ताच कशाला भरताय? पहिला स्लॅब पडू द्या, मग करू." मला वाटलं, माझेच पैसे वाचवतोय. खरं म्हणजे रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही. माझ्या फ्लॅटचे १० टक्के म्हणजे ४ लाख ४० हजार. त्यानं जवळपास दुप्पट घेतले, आणि चेक घेतले ते त्याच्या दुसऱ्याच एका फर्मच्या नावावर. वर ३ लाख रोख, "करारात किंमत कमी दाखवू" म्हणून. त्याला मी हो म्हणालो. ती माझी चूक, आणि तिचा त्रास वडिलांना होतोय.

फेब्रुवारीत गृहकर्जासाठी अर्ज केला. बँकेच्या पॅनलवरच्या वकील बाईंनी कागद मागवले आणि आठवड्यानं फोन केला. "तुमचा फ्लॅट कितव्या मजल्यावर म्हणालात?"

"सहाव्या."

"मंजूर नकाशात पार्किंग आणि वर चारच मजले आहेत हो."

मी हाफ डे टाकून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सगळं पुढ्यात मांडलं. स्मारक प्राधिकरणाच्या परवानगीतली उंची चार मजल्यांपुरतीच होती. पाचवा, सहावा, सातवा कुठल्याच कागदावर नव्हता. समोरची बाग महामार्गाच्या हद्दीत दाखवलेली, आणि महामार्गावर थेट रस्ता काढायला लागणारी परवानगी फाइलमध्ये नव्हती. माहितीपत्रकावरचा महारेरा क्रमांक आम्ही तिथंच वेबसाइटवर टाकून बघितला. तो याच बिल्डरच्या नाशिकमधल्या दुसऱ्या, पूर्ण झालेल्या इमारतीचा निघाला. इथल्या इमारतीची नोंदणीच नव्हती, म्हणजे तिची जाहिरात किंवा बुकिंग करायचा अधिकारच त्याला नव्हता. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर महारेराचा क्यूआर कोड बंधनकारक आहे. आमच्या माहितीपत्रकावर तो नव्हता. मोबाइल पुढं धरून एकदा स्कॅन करायला गेलो असतो, तरी कोड नाही हे तेव्हाच दिसलं असतं.

त्या रविवारी वडील म्हणाले, लेण्यांवर जाऊ. गुडघे दुखत असताना ते पायऱ्या चढले. दहाव्या लेण्यात नहपान राजाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, शाळेच्या सहलीत सरांनी त्यांचा अर्थ सांगितला होता. त्यातल्या एकात त्यानं भिक्षूंच्या अन्नासाठी शेत विकत घेऊन दिल्याची नोंद आहे. कुणाकडून घेतलं तर वाराहीपुत्र अश्विभूती ब्राह्मणाकडून, किती कार्षापणांना, म्हणजे तेव्हाच्या नाण्यांना, तर ४०००, शेत त्याच्या वडिलांचं होतं, आणि ते शहराच्या वायव्येला हद्दीवर आहे. विकणारा, किंमत, मालकी कुठून आली, जागा कुठं, सगळं दगडात कोरलेलं. दुसऱ्या लेखात विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या संघाकडे, ठेवलेल्या २००० कार्षापणांचा व्याजदरही आहे, महिना एक टक्का. आणि हे सगळं निगमसभेत ऐकवून दप्तरी नोंदवल्याचंही लिहिलंय. मी हे वडिलांना सांगितलं. ते बराच वेळ अक्षरांकडे बघत बसले. मग म्हणाले, "आणि आपल्याकडे काय आहे?" आमच्याकडे एक लेटरहेड होतं.

बिल्डरच्या ऑफिसात पाच वेळा गेलो. "फाइल दिल्लीला आहे, दोन महिन्यांत वाढीव मजल्यांची एनओसी येईल." मग, "दुसऱ्या मजल्यावर मागच्या बाजूचा घ्या, पाच लाख वर लागतील." पैसे परत मागितल्यावर, "कॅन्सलेशनचे १० टक्के कापून देऊ." वकील बाईंनी सांगितलं, खोट्या माहितीवर बुकिंग घेतलं असेल तर रेराच्या कलम १२ खाली पूर्ण रक्कम व्याजासह मागता येते, कापायचा प्रश्नच येत नाही. व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (कर्जाच्या व्याजाचा बँकेचा आधारभूत दर) अधिक दोन टक्के. नोटीस पाठवली, उत्तर नाही. मग ५,००० रुपये फी भरून महारेराकडे ऑनलाइन तक्रार केली. सलोखा मंचापुढं आपसात तडजोड करायला बिल्डर तयार झाला नाही. पहिली सुनावणी व्हिडिओवर झाली, त्याच्या वकिलानं मुदत मागून घेतली.

तक्रारीत मी ८ लाख लिहिले. ३ लाखांचा एक कागद माझ्याकडे नाही. वडिलांना अजून हे नीट सांगितलेलं नाही.

परवा महामार्गावरून जाताना बघितलं, दुसरा स्लॅब पडलाय. बोर्डवर अजूनही सात मजल्यांचंच चित्र आहे. पाचव्या, सहाव्या, सातव्या मजल्यावर बुकिंग केलेली आणखी कुटुंबं नक्की असतील. कल्याण-डोंबिवलीच्या दोघांना तर मी ऑफिसात चेक देताना बघितलंय. तुम्ही त्यांच्यातले असाल, तर महापालिकेतून मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागवा. चेक कुणाच्या नावानं दिलात ते पासबुकात तपासा, पावत्या आणि व्हॉट्सअॅपवरची बोलणी पुसू नका, आणि उरलेला एक रुपयाही देऊ नका. आपल्या तक्रारी स्वतंत्र असल्या तरी त्या एकाच तारखेला ऐकाव्यात अशी विनंती करता येईल, असं वकील बाईंचं म्हणणं आहे. माझी पुढची सुनावणी महिन्याभरात आहे.