अर्धा एकर वावर, नऊ तुकडे आणि ओईआयएस

दारव्हा तालुक्यात आमच्या गावच्या फाट्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा काढून देणं, पीकविम्याचे अर्ज भरणं, पोरांचे निकाल पाहणं, हेच दिवसभर चालतं. त्यामुळे ओईआयएस डॉट ऑर्ग या, क्रमिका (म्हणजे ओळीनं येणाऱ्या संख्या) ओळखून देणाऱ्या साइटबद्दल मी काही लिहीन असं मलाच वाटलं नव्हतं. पण गेला महिनाभर दुपारची रिकामी वेळ तिच्यावरच जाते आहे.

सुरुवात पुतणीनं केली. ती दहावीत आहे, समरूप त्रिकोण चालू आहेत. तिनं एक चौरस काढला. प्रत्येक कोपऱ्यातून एकाच दिशेनं फिरत समोरच्या बाजूच्या मध्यावर रेघ मारली. चार रेघा, नऊ तुकडे : मधोमध तिरका चौरस, त्याला लागून चार चौकोन, आणि चार बारके त्रिकोण. "काका, मधला तुकडा बरोबर पाचवा हिस्सा येतो." मग मधल्या बिंदूऐवजी तिनं पुढच्या कोपऱ्यापासून एक तृतीयांशावर खूण केली, मग पावावर, मग पाचव्या हिश्शावर. मधला तुकडा आला 1/5, 2/5, 9/17, 8/13. शाळेत शिकवतात तसं संक्षिप्त रूप देऊन मोकळी झाली, अन् त्या छेदांतून आम्हा दोघांना काही उलगडेना. 5, 5, 17, 13. ह्याला काय म्हणावं?

तेवढ्यात सातबारा घ्यायला आलेले एक आजोबा काउंटरवर वाकून बघायला लागले. "काहून जी, कोनाच्या वावराची मोजणी हाये हे?" म्हटलं, कोणाचीच नाही. तरी त्यांनी बोट ठेवलंच. "अन् मंधातल्या तुकड्यात बैल न्याले पांदन कोठी ठेवली?"

खरं सांगतो, तिथून डोकं चाललं. वावर म्हटलं की गुंठे आले. सगळ्यात बारका त्रिकोण एक गुंठा धरायचा. मग पहिल्या आकृतीत बाजूचा चौकोन 3 गुंठे, मधला चौरस 4. चार त्रिकोणांचे 4, चार चौकोनांचे 12, मधले 4 : बरोबर 20 गुंठे, म्हणजे अर्धा एकर! पुतणीनं कागद कापून त्रिकोण चौकोनाला जोडून दाखवला. मधल्यासारखाच चौरस तयार झाला. असे चार, अन् मधला धरून पाच. पाचवा हिस्सा टेबलावरच मांडलेला.

एक तृतीयांशाच्या आकृतीत बारका त्रिकोण 1, बाजूचा चौकोन 8, मधला 24, एकूण 60. पावाच्या आकृतीत 15 आणि 72, एकूण 136. पाचव्या हिश्शाला 24 आणि 160, मग सहाव्याला 35 आणि 300. म्हणजे बाजूचे चौकोन 3, 8, 15, 24, 35. हे तर पुतणीनंच ओळखलं, दर वेळी वर्गातून एक वजा. मधल्याचं मात्र अडलं. 4, 24, 72, 160, 300 हे सगळे चारनं भागले तर 1, 6, 18, 40, 75 उरले, आणि ते मी ओईआयएसच्या शोधाच्या चौकटीत टाकले.

नोंद आली ए002411. पंचकोनी पिरॅमिड संख्या! पंचकोनी संख्यांचे थर एकावर एक रचले तर जितके गोटे लागतील, त्या संख्या. चौरस वावराच्या मधल्या तुकड्यात पंचकोन कुठून घुसला, हे मला अजून डोळ्यासमोर येत नाही. सूत्र मात्र जुळतं.

ही साइट म्हणजे पूर्णांकांच्या क्रमिकांचं रजिस्टर. नील स्लोन यांनी 1964 मध्ये विद्यार्थी असताना क्रमिका गोळा करायला सुरुवात केली, 1973 च्या त्यांच्या पुस्तकात 2372 होत्या, 1996 पासून वेबवर आहे, आणि आता साडेतीन लाखांच्या वर गेल्या आहेत. प्रत्येकीला सातबाऱ्यावरच्या गट नंबरासारखा स्वतःचा नंबर. अपूर्णांकांची क्रमिका असली तर अंश वेगळ्या नोंदीत, छेद वेगळ्या. आमच्या छेदांना संक्षिप्त रूप दिलं नसतं तर 5, 10, 17, 26 दिसले असते, आणि ती तर साधी वर्ग अधिक एक, ए002522.

फुकट आहे, जाहिराती नाहीत. पान साधं, म्हणून फाट्यावरच्या रडक्या नेटवरही उघडतं. नोंदी इंग्रजीत आहेत, पण आकडे आणि सूत्रं वाचायला इंग्रजी लागतं कुठं? पहिलं पद गाळून सहा-एक पदं टाकावीत, कारण क्रमिका शून्यापासून धरायची की एकापासून यावर ज्याचं त्याचं वेगळं असतं. 'लिसन' दाबलं तर क्रमिका पेटीसारखी वाजते. ते मला गमतीपलीकडे वाटलं नाही, पुतणीला फार आवडलं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सध्या त्रिकोणी वावर घेतलं आहे. कोपऱ्यांतून समोरच्या बाजूंच्या तिसऱ्या हिश्शावर तशाच रेघा मारल्या की मधला तुकडा सातवा हिस्सा येतो, पावावर मारल्या की 4/13. या वेळी संक्षिप्त रूप द्यायचं नाही, एवढं पुतणीच्या वहीवर लाल पेननं लिहून ठेवलं आहे.