नंबर झाकलेला, नाव उघडे: सोसायटीच्या ग्रुपसाठी सिग्नल

घोडबंदर रोडवरील आमच्या गृहनिर्माण संस्थेने सभासदांचा ग्रुप सिग्नल या अ‍ॅपवर नेला, कारण जुन्या ग्रुपवर प्रत्येकाचा मोबाइल नंबर सर्वांना दिसत असे. पार्किंगच्या वादानंतर कोणीतरी एका सभासद महिलेचा नंबर आणि फ्लॅट क्रमांक बाहेरच्या ग्रुपवर टाकला, आणि अनोळखी माणसांचे फोन तिला रात्री-अपरात्री येऊ लागले. टाकणारा कोण, हे अखेरपर्यंत कळले नाही.

सिग्नलवर नोंदणीसाठी नंबर आजही द्यावा लागतो. मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये युजरनेमची सोय आल्यापासून, ज्यांच्या फोनमध्ये तो आधीच सेव्ह आहे त्यांच्याखेरीज इतरांना तो आपोआप दिसत नाही. नंबरवरून आपल्याला कोणी शोधू नये असे वाटत असेल, तर ते सेटिंग प्रत्येकाला स्वतः बदलावे लागते, आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांना तेच अवघड गेले. सिग्नल चालवणाऱ्या संस्थेकडे माहितीचा साठाही अत्यल्प असतो: २०१६ मध्ये अमेरिकेत समन्स आले, तेव्हा खाते केव्हा उघडले आणि शेवटचे केव्हा जोडले गेले, एवढेच तिला देता आले.

प्रोफाइलवर मात्र आपण लिहू तेच नाव दिसते, मग ते खरे असो वा ‘जागरूक रहिवासी’. म्हणून नाव आणि विंग लिहिल्याशिवाय प्रवेश नाही, असा नियम आम्ही केला. टँकरच्या बिलांवर मग कोणी उघडपणे बोलणार नाही, असा आक्षेप आला. तो हलका नाही: २०१२ मध्ये, तेव्हा ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघरमध्ये, फेसबुकवरील एका पोस्टसाठी आणि तिला केलेल्या लाइकसाठी दोन तरुणींना अटक झाली होती, त्यात लावलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. पण बिलांचा हिशेब मागणाऱ्याला हवे ते संरक्षण शेजारणीचा पत्ता चव्हाट्यावर मांडणाऱ्याला का मिळावे, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांकडे नव्हते. ओळख लपवून धमकी देणाऱ्याला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१(४) नुसार धमकीच्या शिक्षेवर आणखी दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय, सभासदाच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला केवळ अ‍ॅडमिन म्हणून दोषी धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. तेव्हा लिहिणाऱ्याचे नाव समोर असणे हे अ‍ॅडमिनच्या नव्हे, सभासदांच्याच हिताचे आहे.

संदेश ठरावीक मुदतीनंतर आपोआप नाहीसे होण्याची सोय आहे, पण समोरच्याने काढलेला स्क्रीनशॉट ती थांबवू शकत नाही. माझ्याकडून पाचपैकी चार गुण. ग्रुपची लिंक वापरणार असाल तर अ‍ॅडमिनच्या मंजुरीचा पर्याय चालू ठेवा, आणि ती लिंक गेटवरच्या सूचना फलकावर लावू नका.