‘ओपन सोर्स’ म्हणाले आणि आम्ही सही केली

मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी मुक्त शब्दकोश बनवणारी आमची सहा जणांची मंडळी आहे. लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्समध्ये चुकीच्या शब्दाखाली जी लाल रेघ येते, तिच्यामागे हनस्पेल नावाची यंत्रणा असते. तिला लागणारी शब्दयादी आणि प्रत्ययांचे नियम आम्ही नोकऱ्या सांभाळून, शनिवारी रात्री बसून तयार करतो. या कामाची वेबसाइट उभारताना आमची जी फसवणूक झाली, ती आजवर चारचौघांत बोललो नव्हतो. पण गेल्या महिन्यात अशाच दुसऱ्या एका गटातल्या मुलीने मला एक प्रस्ताव वाचायला पाठवला आणि माझ्या अंगावर काटा आला. आम्हाला दिलेलाच कागद होता तो, शब्द न शब्द तोच. फक्त प्रकल्पाचं नाव बदललेलं. तिला त्याच रात्री फोन केला. बाकीच्यांसाठी इथे लिहितो आहे.

सुरुवात आमच्याच मतभेदापासून झाली. वेबसाइट कोणत्या सॉफ्टवेअरवर करायची यावर एकमत होईना. एकाला वर्डप्रेस हवं होतं. २००३ पासूनचं, जगातल्या ४० टक्क्यांहून जास्त साइट त्यावर चालतात, मराठी भाषांतर तयार, अडलं तर विचारायला माणूस कुठेही सापडतो. दुसऱ्याचं म्हणणं ड्रुपल, कारण शब्द, त्याचं लिंग, बोली, गाव असे वेगळे रकाने त्यात चांगले बांधता येतात. तिसरी ह्यूगोवर ठाम. सगळा मजकूर साध्या फायलींत, गिटमध्ये (फायलींच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात) राहणार, डेटाबेसच नाही, म्हणजे कुणी अडवून धरेल असं काही उरतच नाही. तिचं हे वाक्य मला पुढे फार आठवलं. पण लोकांकडून शब्द गोळा करायला फॉर्म हवा होता, आणि आलेली माहिती साठवून ठेवणं हे ह्यूगोचं कामच नाही. तिथे गाडी अडली. दोन महिने गेले, सगळे थकले.

अशा वेळी एका कार्यक्रमात एका कंपनीचा माणूस भेटला. अत्यंत नम्र. “सर, तुम्ही भाषेसाठी एवढं करताय, आमचाही थोडा हातभार लागू दे.” त्यांचं स्वतःचं वेबसाइट सॉफ्टवेअर होतं. प्रस्तावात ठळक अक्षरांत लिहिलं होतं: शंभर टक्के ओपन सोर्स, जीपीएल परवाना. म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ कोड, ‘सोर्स’, सगळ्यांना खुला, आणि जीपीएल हा तो तसाच खुला ठेवायला लावणारा परवाना. उभारणी फुकट. होस्टिंग (सर्व्हरवरची जागा) आणि डोमेन (साइटचा पत्ता) मिळून वर्षाला फक्त १८ हजार. दोन दिवसांत त्याने फॉर्म चालू करून दाखवला. आम्ही त्यात ‘वाऱ्यावर’ आणि ‘दुसऱ्याला’ टाइप करून पाहिलं. हा ऱ्य भल्याभल्या ठिकाणी फुटतो, इथे मात्र स्वच्छ उमटला. आमचा विश्वास बसला तो त्या एका अक्षरावर. सॉफ्टवेअरची प्रत कुणीच मागितली नाही.

मेख तिथेच होती. ‘ओपन सोर्स’ या शब्दावर कुणाचाही ट्रेडमार्क नाही, त्यामुळे तो कुणीही छापू शकतो. १९९८ पासून ओपन सोर्स इनिशिएटिव्हची त्याची व्याख्या आहे आणि मान्य परवान्यांची यादीही आहे, पण छापणाऱ्याला कुणी अडवत नाही. आणि जीपीएलमधली सोर्स देण्याची अट लागू होते ती सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याच्या हातात दिल्यावर. ते त्यांच्याच सर्व्हरवर चालत राहिलं आणि तुम्ही फक्त ब्राउझरमधून वापरलंत, तर परवान्याने तुम्हाला काहीच देणं लागत नाही. ही फट बुजवायलाच एजीपीएल हा वेगळा परवाना आला. नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही सोर्स मिळाला पाहिजे असं तो सांगतो. आम्ही सहाजण स्वतः मुक्त परवान्याखाली काम करणारे, तरी हा फरक सही करताना एकाच्याही डोक्यात आला नाही. याचा राग मला त्या कंपनीइतकाच स्वतःचाही येतो.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. लोक शब्द पाठवत होते. देवगडजवळचे एक निवृत्त गुरुजी तर रोज संध्याकाळी मोबाइलवरून मालवणी शब्द भरायचे, अर्थासकट, कधी कुठल्या वाडीत कसा उच्चार करतात त्यासकट. फॉर्ममधून १,१०० हून अधिक नोंदी आल्या होत्या, त्यातल्या जवळपास चारशे त्यांच्या.

दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचं बिल आलं ते ६० हजारांचं. एवढे पैसे आमच्याकडे नव्हतेच, म्हणून साइट दुसरीकडे हलवतो असं कळवलं. सोर्स मागितला, तर उत्तर आलं की तो ‘एंटरप्राइज आवृत्तीत’ मिळतो. डेटा मागितला, तर निर्यातीचं बटण दाखवलं. ते दाबलं, फाइल उतरली, उघडली. इंग्रजी रकाने ठीक होते. मराठी रकान्यांत फक्त प्रश्नचिन्हं. ‘गजाली’ या शब्दाच्या जागी पाच प्रश्नचिन्हं, ग, ज, काना, ल, वेलांटी, प्रत्येकासाठी एकेक. देवनागरी न मावणाऱ्या जुन्या सांकेतिकीकरणात (अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत, एन्कोडिंगमध्ये) फाइल लिहिली की असं होतं, आणि त्या फाइलमधून मूळ अक्षर परत काढायचा कुठलाच मार्ग उरत नाही. ‘व्यवस्थित निर्यात करून देण्याचे’ त्यांनी ८५ हजार सांगितले.

तेव्हा डोमेनची नोंद तपासली. नोंदणीदार म्हणून त्यांचं नाव. पैसे आम्ही भरलेले, पावतीवर ‘डोमेन व होस्टिंग’ एवढंच, कुणाच्या नावाने ते कुठेच नाही. डोमेन हलवायला लागणारा कोड खातेदारालाच मिळतो, म्हणजे त्यांना. पोलिसांकडे गेलो. कागद पाहून, हा करारातला वाद आहे, दिवाणी दावा करा, असं सांगितलं गेलं. डोमेनच्या वादासाठी आंतरराष्ट्रीय लवादाची सोय आहे, पण विपो या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे त्याची फीच १,५०० डॉलरपासून सुरू होते आणि आधी त्या नावावर आपला ट्रेडमार्कसारखा हक्क दाखवावा लागतो. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या जाहीर संग्रहातून आमची जाहीर पानं बरीचशी मिळाली. शब्दयादी आणि नियम आमच्या गिटमध्ये होते, ते सुखरूप आहेत. फॉर्ममधल्या नोंदी मात्र लॉगिनच्या आत होत्या, त्या वेबॅकला कधी दिसल्याच नाहीत. गुरुजींना फोन करून विचारलं, कुठे वहीत लिहून ठेवलंय का? ते म्हणाले, “नाही हो, आठवला की लगेच भरायचो. तिथे राहील म्हटलं.” त्यापुढे मला बोलवेना.

आता साइट ह्यूगोवर आहे, डोमेन आमच्यातल्या एकीच्या नावावर आणि त्याचा पासवर्ड तिघांकडे. त्याला बाहेरून जोडलेल्या फॉर्ममधून येणारा प्रत्येक शब्द रात्री आपोआप साध्या मजकुराच्या फाइलमध्ये उतरतो. पहिल्या महिन्यातच ती सगळी रचना आम्ही दुसऱ्या सर्व्हरवर शून्यातून उभी करून पाहिली. अर्धा दिवस लागला. तुम्हीही कुणाशी बोलत असाल तर सही करण्याआधी एवढं करायला लावा: पूर्ण सोर्सची प्रत हातात घ्या, ती आपल्या साध्या संगणकावर चालवा, ‘गजाली’सारखे दहा मराठी शब्द भरा, निर्यात करा आणि ती फाइल दुसरीकडे उघडून बघा. खऱ्या माणसाला यात अडचण नसते. वर्डप्रेस काय, ड्रुपल काय, कुणालाही न विचारता आज रात्री उतरवून घेता येतं. टाळाटाळ झाली, ‘नंतर देतो सर’ म्हटलं, की थांबा. डोमेन स्वतः नोंदवा, वर्षाला हजाराच्या आसपास खर्च येतो, ते कुणाकडूनही फुकट घेऊ नका.

आणि एक विनंती. आमचा जुना पत्ता अजून चालू आहे. त्यावर आमचंच नाव आहे, डाउनलोडचं बटणही आहे, पण तिथे आता काय ठेवलंय यावर आमचा काहीही ताबा नाही. कुणाच्या लेखात, शाळेच्या पानावर किंवा व्हॉट्सअॅप गटात तो पत्ता दिलेला असेल तर काढून टाका. शब्दकोश लिब्रेऑफिसच्या आणि फायरफॉक्सच्या अधिकृत विस्तार-संग्रहातूनच घ्या.